तीन नंबरच्या मशीनची फांदी

४ जानेवारी १९९९, सोमवार

ऑफिसात पाय ठेवला आणि फोन वाजला. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग मिलचे मॅनेजर ठाकोरभाई. "श्रीरंगभाई, तीन नंबरनुं कंप्युटर बळी गयुं!" विजेचा झटका, आतून धूर, संपलं. नवा कंप्युटर ते आणताहेत, आम्ही त्यात आमचा प्रोग्रॅम पुन्हा घालून द्यायचा. त्यांच्याकडच्या फ्लॉप्यांना बुरशी लागली आहे. रंगाच्या मिलमध्ये बुरशीसुद्धा निळी येते, असं म्हणून ते स्वतःच हसले. मग आवाज बदलून म्हणाले, उतराण, म्हणजे आपली संक्रांत, झाली की लग्नं सुरू, तेरा तारखेला मशीन फिरलंच पाहिजे.

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो. निश्चिंतपणे म्हणालो.

आता जरा चिडून लिहितो आहे. आमच्या सगळ्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर पर्वत पाटियाच्या या ऑफिसातल्या एका कंप्युटरवर, सीव्हीएस नावाच्या व्यवस्थेत ठेवलेला असतो. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं तिथं राहतं. मधोमध एक खोड, तो आमचा मुख्य प्रोग्रॅम. एखाद्या मिलच्या मशीनसाठी वेगळं काही करायचं असेल तर खोडाला फांदी फुटते आणि ते वेगळेपण त्या फांदीवर राहतं. मी आज यादी काढली. अकरा फांद्या. एकीवरही मिलचं नाव नाही. रोमन अक्षरांत शहादा, दोंडाईचा, बेटावद, तळोदे, कापडणे... एस.टी.चा फलक वाचतो आहे असं वाटलं.

हे कुंदनचं काम. मिलमध्ये जाऊन मशीनपाशी बसून बदल करायचा तो. हुशार मुलगा, पण मनानं अजून गावातच. मेमध्ये मस्कतला गेला, पगारासाठी. मी त्याच्या निरोपाला पाऊण तास बोललो होतो. तो एकच वाक्य बोलला, "सर, फांद्यांची यादी समजावून देऊ का?" मी म्हटलं, अरे, ही वेळ भावनेची आहे, यादीची नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याचा फोन नंबर इथं कोणाकडे नाही, म्हणून त्याला पत्र टाकलं आहे. पोचायला पंधरा दिवस तरी लागतील.

५ जानेवारी, मंगळवार

सोनालीला घेऊन मिलमध्ये गेलो. ही आमच्याकडची सर्वांत तरुण प्रोग्रॅमर, सुरतेतच जन्मलेली, तीन भाषांत एकदम विचार करते आणि त्यामुळे बहुधा गप्प असते.

तीन नंबरचं मशीन म्हणजे आडवा टाकलेला लोखंडी हंडा. त्यात पॉलिस्टरचं कापड एकशेतीस अंशांच्या पाण्यात, दाबाखाली रंगतं. रंगून झालं की पाणी थंड करायचं, दाब उतरवायचा, मग झाकण उघडायचं. मशीन जुनं, परदेशातून सेकंडहँड आलेलं. मूळचं कुलूप कधीच तुटलं. त्याच्या जागी विजेवर सरकणारी कडी बसवली आहे आणि ती कधी सोडायची ते आमचा प्रोग्रॅम ठरवतो. लाल दिवा असताना कडी बंद, हिरवा झाला की उघडी.

मशीनवर भिकन असतो. पस्तिशीचा, नवागामचाच, म्हणजे आमच्या खानदेशी वस्तीतला, तिथं मी कामगारांच्या सभा घेतो त्यांना येतो. त्यानं बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी.

"हाऊ हात दखा, भाऊ. दोन वरीस झाले. दिवा हिरवा व्हयना, मी उघाडं, आन् वाफ. त्याना मांगे कुंदन आठ दिवस बसना आठे. मंग कधी काही व्हयनं नई. जवलग लाल दिवा शे, तवलग मी हात लावत नई. हिरवा व्हयना का उघाडस."

"दिवा लाल असताना आत काय चालतं?"

"माले काय माहीत? मी भाहेर, ते मजार."

परत येऊन फांद्या उघडून पाहिल्या. तीन फांद्यांवर झाकणाचा बदल आहे: शहादा, दोंडाईचा आणि बेटावद. तिन्हींत सात मिनिटांचा थांबा. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही सारख्याच. आत मात्र एकीत आधी वरची हवेची झडप उघडते, दुसरीत खालून पाणी सोडलं जातं, तिसरीत पंप पुन्हा फिरवून मग तापमान मोजलं जातं. प्रत्येक मशीनच्या नळ्या निराळ्या, त्यामुळे एकाचं औषध दुसऱ्याला विष. चुकीची फांदी चढवली तर सात मिनिटांनी दिवा हिरवा होईल, आत वाफ तशीच असेल, आणि भिकन दिव्यावर विश्वास ठेवून उघडेल.

बदलाच्या नोंदीत कारण लिहायचं असतं. कुंदननं तिन्हींकडे एकच लिहिलं आहे: "सांगितल्याप्रमाणे." कोणी सांगितलं, ते नाही.

ठाकोरभाई म्हणाले, "अरे, तीनमांथी जे होय ते चढावी दो ने! बधुं तमारुंज छे."

मी त्यांना सुनावलं. माणसाच्या हाताची किंमत यावर बोललो, इंग्लंडातल्या पहिल्या कारखान्यांपासून सुरुवात करून. ते पान चघळत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सरस. पण तेर तारीख."

७ जानेवारी, गुरुवार

उलगडलं!

रात्रभर नव्हे, सकाळी दाढी करताना सुचलं. ही गावं यादृच्छिक नाहीत. नंदुरबार ओलांडलं की दोंडाईचा, पुढं शिंदखेडा, नरडाणा, बेटावद, अमळनेर. म्हणजे सुरतेहून निघणाऱ्या तापी लाइनचा क्रम! कुंदन दिवाळीला याच गाडीनं जायचा. पहिल्या बदलाला जवळचं स्टेशन, नंतरच्याला पुढचं. मानवी मन अराजकातही रचना करतं, यावर मी किती वाचलं आहे. तीन नंबरचा बदल जुना, म्हणून तो जवळच्या स्टेशनावर असणार.

सोनालीला फळ्यावर काढून दाखवलं. तिनं विचारलं,

"सर, शहाद्याला ट्रेन जाते?"

"नाही. पण दोंडाईच्याला उतरून जाता येतं."

"आणि कापडणं?"

"तेही जवळच आहे गं."

"मग सर, बधुंज जवळ आहे," ती म्हणाली. पुढं म्हणाली, "सीव्हीएसमध्ये तारखा आहेत. मी काढल्या. तिन्ही फांद्या एकाच महिन्यातल्या आहेत. क्रम बसत नाही."

फळा पुसला. तिच्या चिकाटीचं कौतुक केलं. तारखा बघायला मी तिला सुचवणारच होतो.

मग तिनं विचारलं, "सर, एखाद्या माणसाचं गाव असेल का? ज्यानं सांगितलं त्याचं?"

मी हसलो. आणि मग माझं ठरलेलं बोललो, जे मी नवागामच्या चौकात दहा वर्षं बोलतो आहे: गाव उधना स्टेशनवर सोडून या. इथं तू धुळ्याचा नाहीस, जळगावचा नाहीस, अमक्या आळीचा नाहीस, तू कामगार आहेस. गाव विचारलं की जात कळते, जात कळली की पंगत वेगळी होते. मी या दहा वर्षांत एकाही कामगाराला त्याचं गाव विचारलेलं नाही. हे मी अभिमानानं सांगितलं.

"हां सर," ती म्हणाली. "पण कुंदननं विचारलं असेल तर?"

उत्तर मला सुचलं, पण ते जेवणाच्या सुट्टीनंतर.

८ जानेवारी, शुक्रवार

मिलमध्ये गेलो. तत्त्वाला मुरड घालून भिकनला गाव विचारलं. इतक्या वर्षांनी हा प्रश्न तोंडातून निघताना मला अवघड झालं, आणि भिकनचा चेहरा असा उजळला, जणू मी त्याला इनाम दिलं आहे!

"पारोळा, भाऊ! तुमी कधी इचारं नई. तुमनं?"

"साक्री तालुका. कासारे."

"कासारे! मना मावसा तठलाच!" पुढची दहा मिनिटं मावसा. मी ऐकलं.

पण पारोळा नावाची फांदीच नाही. म्हटलं, कुंदन इथं आठ दिवस होता तेव्हा त्याला काय करायचं ते तू सांगितलंस ना?

"मी? मना हात बांधेल व्हता, मी दवाखानाम्हां. कुंदन त सुभद्राबाईसंगे बसे."

मशीनसमोर पाच-सहा बायका कापडाची टोकं शिवत बसतात, एक तागा संपला की दुसरा जोडायचा. त्यांच्यातली सर्वांत मोठी सुभद्राबाई. पन्नाशीच्या आसपास, चष्म्याला दोरा. गेली बारा वर्षं हे मशीन तिच्या डोळ्यांसमोर आहे. मी जवळ जाऊन बसलो. बायका सरकल्या, एकमेकींना कोपरं मारून हसल्या.

"मावशी, तुमचं गाव कोणतं?"

"दोंडाईचा," ती म्हणाली.

खात्रीसाठी हजेरीचं पुस्तक पाहिलं. सुभद्राबाई भ्रतार विठ्ठल, मुक्काम दोंडाईचा. शंभर टक्के जुळलं! सोनालीचा तर्क बरोबर होता आणि मी तो योग्य माणसापर्यंत नेला. मावशी पुढं काहीतरी सांगू लागली, "मी कुंदनले असं सांगं व्हतं का पानी..." पण पाळी बदलायची वेळ झाली होती. मी म्हटलं, मावशी, ते तांत्रिक आता आम्ही बघतो, तुम्ही मोठं काम केलंत. तिनं मान हलवली आणि सुई दोऱ्यात ओवली.

घरी येताना हलकं वाटलं. एका निरक्षर कामगार स्त्रीच्या शब्दानं मशीन थांबायला शिकलं! रविवारच्या सभेचा विषय मिळाला.

१० जानेवारी, रविवार

नवागामात सभा. विषय: बाईची ओळख. दीडशे माणूस. मी म्हणालो की बाई जन्मभर कोणाची तरी म्हणून ओळखली जाते. बापाची, मग नवऱ्याची, मग पोराची. कागदावर तिचं नाव असतं, पण त्यापुढं नवऱ्याचं नाव आणि नवऱ्याचंच गाव. हे पुसून टाकायला हवं. टाळ्या थांबत नव्हत्या. बायकांच्या बाजूला सुभद्राबाई बसली होती, तिनं वाजवल्या का ते दिसलं नाही.

घरी बायको, कविता, म्हणाली, "छान बोललात. खसखशीचा डबा कुठं ठेवलाय सांगा बरं?" सतरा वर्षं संसार झाला, मला नाही सांगता आलं. ती खूप हसली. मीही हसलो. आमचं बरं चाललं आहे.

१२ जानेवारी, मंगळवार

सगळं लिहितो, स्वतःला न वाचवता.

सकाळी दोंडाईचा फांदीवरून प्रोग्रॅम तयार केला, फ्लॉपीत घेतला. सोनाली दोनदा म्हणाली, "सर, मावशीला एकदा आत काय होतं ते विचारलं असतं तर." मी म्हटलं, गाव जुळलं, हजेरी जुळली, अजून काय हवं?

मिलमध्ये नवा कंप्युटर तयार होता. ठाकोरभाईंनी त्याला कुंकू लावलं होतं, मी दुर्लक्ष केलं. फ्लॉपी घातली. पडद्यावर विचारणा आली, चढवू का? माझं बोट कळीवर होतं. तेवढ्यात चहावाला आला आणि शिवणाऱ्या बायकांतून एक जण ओरडली:

"ओ बेटावदवाली! तुना च्या थंडा व्हई राह्यना!"

आणि सुभद्राबाई उठली.

माझं बोट तसंच राहिलं. सोनालीनं माझ्याकडे पाहिलं.

हे मला ठाऊक होतं. हेच सांगायला लाज वाटते. माझ्या आईला कासाऱ्याच्या गल्लीत कोणी तिच्या नावानं हाक मारली नाही. ती पिंपळनेरवाली होती. शेजारची निजामपूरवाली, समोरची छडवेलवाली. आमच्याकडे सासरी आलेल्या बाईला गल्ली तिच्या माहेराच्या गावानं ओळखते. कागद नवऱ्याचं गाव लिहितो, परक्यानं विचारलं तर तीही तेच सांगते, पण माणसं तिचं गाव विसरत नाहीत. नवागामात वाढलेल्या कुंदनसाठी ती बेटावदवाली काकूच. फांदीला दुसरं नाव त्याला सुचलंच नसतं. आणि मी? परवा दीडशे माणसांपुढं नवऱ्याचं गाव पुसायला सांगितलं, आणि त्याच्या दोन दिवस आधी तिला शोधलं ते हजेरीत, नवऱ्याच्या गावात.

फ्लॉपी काढली. ठाकोरभाई, "शुं थयुं?" मी म्हटलं, चूक झाली, माझी. ते पान थुंकायला गेले.

सुभद्राबाईपाशी जाऊन बसलो. म्हटलं, "मावशी, शुक्रवारी तुम्ही काही सांगत होता. मी ऐकलं नाही. कुंदनला काय सांगितलं होतं?"

तिनं चहाचा कप खाली ठेवला. आधी भिकनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, थट्टा तर नाही ना हे बघितलं.

"मी काय शिकेल शे, भाऊ? आठे बसी बसी दखं. थंडं पानी खालतून येस, तठेच तो काटा शे. काट्याले थंडं लागस. पन कापडना गोया वर, पोटम्हां, तो कढतच. मी कुंदनले म्हनं, पोऱ्याले न्हावाडतांना आपन काय करतस? वरतून बोट घालं, कोमट लागनं, का टाकं आंगवर? ढवळतस ना आधी? मंग दखतस. तसं ह्याले ढवळ म्हनं."

सोनालीनं वहीत लिहून घेतलं. मला लिहायचं भान नव्हतं.

ऑफिसला येऊन बेटावद फांदी उघडली. ओळ न् ओळ वाचली. पंप फिरवा, पाणी खालीवर करा, मग तापमान घ्या, पुन्हा फिरवा, पुन्हा घ्या, दोन्ही जुळेपर्यंत. ढवळणं! दोंडाईचा फांदी म्हणजे खालून पाणी सोडणारी. ती चढवली असती तर काट्याला, म्हणजे तापमापकाला, गार लागलं असतं, दिवा हिरवा झाला असता आणि गरम कापडाचा गोळा झाकणाखाली वाफाळत राहिला असता.

त्यापुढचं लिहीत नाही.

सोनालीला विचारलं, तू मला थांबवलं का नाहीस? ती म्हणाली, "थांबवत होते ने, सर. सकाळपासून." ती रागावली नव्हती. तिनं चिवड्याची पुडी पुढं केली.

सगळ्या फांद्या एका खोडात विलीन करायचा ठराव मी डिसेंबरात लिहून ठेवला होता, पाच पानी. तो आता ड्रॉवरमध्ये राहील. उरलेल्या दहांमागे कोण कोण आहे ते शोधायला सोनाली जाणार. मी बरोबर जाईन म्हणालो. ती म्हणाली, "या सर. पण पहिल्यांदा मी बोलणार."

कुंदन पगारासाठीच गेला असेल. तसंच असेल.

१३ जानेवारी, बुधवार

बेटावद फांदी चढवली. सकाळी मशीन सुरू केलं. मोतिया रंगाचं कापड, लग्नाचं. तीन तासांनी रंग बसला, पाणी थंड व्हायला लागलं. काटा ऐंशीच्या खाली आला. जुना प्रोग्रॅम असता तर इथंच हिरवा. दिवा लालच राहिला आणि आत पंप पुन्हा घरघरला. सात मिनिटं.

बाहेर गच्चीवरून पतंगांचा आरडाओरडा ऐकू येत होता, एक दिवस आधीच सुरू झालेला. भिकन झाकणाजवळ हात मागं बांधून उभा. "भाऊ, सात मिनिट शे. लहानसं भाषन द्या."

बायका हसल्या. ठाकोरभाई म्हणाले, "ना ना, भाषण नई, मशीन पाछुं बंद थई जशे."

मी भाषण दिलं नाही. सुभद्राबाईच्या शेजारी ताग्यावर बसलो आणि विचारलं, "मावशी, बारा वर्षं इथं बसून अजून काय काय दिसलं तुम्हांला?"

तिनं सुई टोचून ठेवली. म्हणाली, एक नंबरचा पट्टा आठ दिवसांत तुटणार, त्याचा आवाज बदलला आहे. म्हणाली, दोन नंबरपाशी पाणी साठतं, तिथं पोरगी घसरली होती, कोणी लिहून घेतलं नाही. म्हणाली, रंगाच्या खोलीची खिडकी उलट बाजूला हवी होती, वारा तिकडून येतो. म्हणाली, बेटावदला नदीच्या काठी तिच्या बापाचं रंगाऱ्याचं घर होतं, तो पातेल्याला कान लावायचा. मी मान खाली घालून ऐकत होतो. सोनाली लिहीत होती. आत पाणी वर-खाली होत होतं, ते आता मलाही ऐकू येऊ लागलं.

टक् करून कडी सरकली. दिवा हिरवा.

सुभद्राबाईचं वाक्य अर्ध्यात होतं. भिकन झाकणाशीच उभा होता, हिरव्या दिव्याकडे बघत. पण त्यानं हात पुढं केला नाही. तिचं सांगून होईपर्यंत थांबला. मग तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली, आणि त्यानं झाकण उघडलं.